दार्जिलिंगचं वाफेचं इंजिन: उभं कुठे राहायचं, वाफ कुठे दिसते, फोटो का फसतो

घाटवळण

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दार्जिलिंगला चार दिवस मुक्काम आहे. एक दिवस गाडीत बसायचं, बाकी तीन दिवस बाहेरून फोटो. नेटवरचे फोटो पाहिले तर दहातले नऊ बतासियाच्या गोल वळणाचे, आणि त्यातल्या बहुतेकांत इंजिनाला वाफच नाही, नुसतं खेळणं उभं केल्यासारखं. काही मोजक्या फोटोंत मात्र पांढरे लोट आहेत. हा फरक नशिबाचा की जागेचा? जाणकारांनी सांगावं. कॅमेरा साधा डीएसएलआर, लेन्स २४-७० आणि ७०-२००. सौ. मोबाईलवर व्हिडिओ घेणार, तिच्यासाठीही सूचना चालतील.

सांधेवाला

नव्वद टक्के जागेचा. नकाशा उघडण्याआधी उंची बघा. दार्जिलिंग स्टेशन साधारण २,०७६ मीटरवर, घूम २,२५८ वर. मधलं अंतर सुमारे ७ किमी. म्हणजे दार्जिलिंगहून घूमकडे जाताना १८० मीटरची चढण आहे. इंजिन राबतं ते याच दिशेला. घूमहून परत येताना रेग्युलेटर (सिलिंडरला वाफ सोडणारा दांडा) जवळजवळ बंदच असतो, गाडी आपल्या वजनाने उतरते आणि ड्रायव्हरचं सगळं लक्ष ब्रेकवर. धुरांड्यातून काही निघालंच तर एखादा बारीक पुंजका. वाफ नसलेले तुमचे ते फोटो एक तर उतरणीचे असणार, नाही तर गाडी थांबलेली असतानाचे.

तिकीट काढताना नीट बघा. जॉय राईड (दार्जिलिंग-घूम-दार्जिलिंग फेरी) वाफेचीही असते आणि डिझेलचीही. वाफेचं तिकीट महाग असतं. दर आणि वेळा बदलत असतात, आयआरसीटीसीवर त्या दिवसाचं पाहूनच बेत ठरवा. न्यू जलपाईगुडीहून येणारी रोजची गाडी डिझेलवर चालते, तिच्यासाठी पहाटेपासून रस्त्यावर ताटकळू नका. डिझेलचा भोंगा आणि वाफेची शिट्टी यांतला फरक दोन वळणं आधी कळतो.

पस्तीस मिमी

सांधेवाल्यांना +१. पुढचा मुद्दा थंडीचा. वाफ स्वतः दिसतच नाही. इंजिन जोरात चाललं असताना धुरांड्याच्या तोंडाशी वीतभर जागा रिकामी दिसते, ती खरी वाफ. वर जे पांढरं दिसतं ते गार हवेत तिचे झालेले पाण्याचे थेंब. हवा जितकी गार आणि दमट, तितका लोट दाट आणि जास्त वेळ टिकणारा. म्हणून सकाळची पहिली वाफेची फेरी सोडू नका. दुपारी बारा-एकच्या उन्हात तेच इंजिन, तोच चढ, पण लोट अर्धा.

घड्याळाचं गणितही लक्षात ठेवा. दार्जिलिंग मुंबईच्या साडेपंधरा अंश पूर्वेला आहे. सूर्य तासभर आधी माथ्यावर येतो आणि तासभर आधी कलतो. नोव्हेंबरअखेरीस पावणेपाचपर्यंत सूर्य गेलेला असतो, चारनंतर तर दरीच्या अंगाला सावलीच. फायदा असा की भर दुपारीसुद्धा सूर्य ४०-४२ अंशांच्या वर चढत नाही, त्यामुळे चाकांवर आणि दांड्यांवर दिवसभर तिरपा उजेड पडतो. मे महिन्यात डोक्यावरच्या उन्हात चाकं नुसती काळी दिसतात.

कर्जत लोकल

एक भाबडा प्रश्न. एवढ्या लांब जाण्यापेक्षा माथेरानला नाही का मिळणार हे? तिथेही वाफेचं इंजिन दिसतं की.

सांधेवाला

@कर्जत लोकल, ते डिझेलच आहे हो, अंगावर वाफेच्या इंजिनाचा पोशाख चढवलेलं. नेरळ-माथेरान मार्ग १९०७ चा, रूळ दार्जिलिंगसारखेच दोन फुटी. तिथली मूळ चार इंजिनं ऑरेनस्टाइन अँड कोपेल या जर्मन कारखान्याची. तीव्र वळणांसाठी त्यांना क्लिएन-लिंडनर पद्धतीचे बाजूला सरकू शकणारे आस होते. नेहमीची वाफ तिथे १९८०च्या दशकात संपली. मूळ इंजिनांपैकी एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात उभं आहे. पोशाखी इंजिनाचा फोटो काढायला हरकत नाही, पण खाली ‘वाफेचं इंजिन’ लिहू नका, लोक लगेच पकडतात.

बंकर

इंजिनाविषयी थोडं, कारण ते कळलं की काय टिपायचं तेही कळतं.

दार्जिलिंगची बी वर्गातली इंजिनं १८८९ ते १९२७ या काळात बनली, एकूण ३४. बहुतेक ग्लासगोच्या शार्प स्टुअर्ट आणि पुढे नॉर्थ ब्रिटिशची, तीन अमेरिकेतल्या बाल्डविनची, तीन तर याच मार्गावरच्या तिंधारियाच्या वर्कशॉपमध्येच जुळवलेली. चाकं फक्त चार, व्यास २६ इंच. सिलिंडर ११ इंची, दट्ट्याची धाव १४ इंच, बॉयलरचा दाब चौरस इंचाला १४० पौंड. पाण्याची टाकी बॉयलरवर खोगिरासारखी बसवलेली. कोळसा मागे टेंडरमध्ये (इंजिनाला जोडलेल्या कोळशाच्या डब्यात) नाही, टेंडरच नाही. तो केबिनच्या पुढे, बॉयलरच्या वरच ठेवतात आणि त्यावर एक माणूस बसून हातोड्याने डेपे फोडत असतो. ड्रायव्हर आणि फायरमनच्या जोडीला हा तिसरा. रूळ ओले असले की पुढच्या बफरच्या आडव्या तुळईवर एक-दोघे बसून हाताने रुळावर वाळू टाकतात, चाकं घसरू नयेत म्हणून. माझ्या मते दार्जिलिंगचा सगळ्यात दार्जिलिंगी फोटो तोच: मुठीतून सुटणारी वाळू आणि मागे नंबराची पट्टी. कांचनजंगा जगभर कॅलेंडरवर आहे. हाताने वाळू टाकणारा माणूस चालत्या गाडीवर आता कुठे दिसतो?

आणखी एक. चार चाकं इंजिनाच्या मधोमध जवळ जवळ आहेत, त्यामुळे पुढचं आणि मागचं अंग बरंच बाहेर येतं. वळणावर ही टोकं रुळाच्या बाहेर झोकांडतात, डब्यांचंही तेच. ‘रुळापासून हातभर लांब आहे की’ म्हणून वळणाच्या बाहेरच्या बाजूला उभं राहू नका. निदान दोन मीटर सोडा आणि मागे भिंत किंवा गटार नाही ना ते आधी पाहा. वेग १०-१२ किमी असला तरी साडेपंधरा टनाचं धूड आहे.

निळी शाई

मग ‘धूर जास्त हवा’ म्हणून ड्रायव्हरला सांगितलं तर सोडतात का? काळ्या धुराचे फोटो भारी दिसतात.

बंकर

सांगू नका. @निळी शाई ताई, काळा धूर म्हणजे जोर नव्हे, अर्धवट जळलेला कोळसा. फायरमनने चार फावडी ताजा कोळसा टाकला की आगीला हवा कमी पडते, थोडा वेळ काळं निघतं, मग करडं होतं आणि मग जवळजवळ स्वच्छ. फायरमन चांगला असेल तर कमी धुरात जास्त वाफ काढतो. आपल्याला फोटो मिळतो, तिथल्या लोकांच्या दोरीवरच्या कपड्यांवर काजळी बसते. पांढरा लोट मात्र कामाचा पुरावा, तो चढावर आपोआप मिळतो.

काळं आणि पांढरं एकत्र हवं असेल तर चढ सुरू व्हायच्या आधीची शे-दीडशे पावलं बघा. फायरमन त्याच्या थोडं आधी कोळसा टाकतो, म्हणजे चढावर आग तयार मिळते.

घाटवळण

अप्रतिम माहिती. आता जागा सांगा.

सांधेवाला

दार्जिलिंग ते घूम या क्रमाने सांगतो.

स्टेशनच्या जवळच इंजिन शेड आहे. सकाळी पहिल्या फेरीच्या दीड-दोन तास आधी तिथे पोहोचा. थंड बॉयलरला दाब यायला काही तास लागतात, त्यामुळे त्या वेळी आग पेटलेली असते, राख काढणं, तेल घालणं, पाणी भरणं चालू असतं. आत जायचं असेल तर तिथल्या जबाबदार माणसाला विचारून. नाही म्हणाले तर रस्त्यावरूनही पुष्कळ दिसतं.

शेडात एक गोष्ट नक्की बघून ठेवा: इंजिनाचं धुरांडं कोणत्या दिशेला आहे. घूमला इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागतं, पण फिरवलं जात नाही. म्हणजे एका दिशेला धुरांडं पुढे, तर दुसऱ्या दिशेला केबिन पुढे. चढावर केबिन पुढे येत असेल तर समोरून काढलेला फोटो फिका पडतो. मग बाजूने घ्या, किंवा गाडी पुढे गेल्यावर मागून, म्हणजे धुरांडं आणि लोट दोन्ही चौकटीत येतात. लोक इथे फसतात आणि इंजिन समोर आल्यावर हळहळतात.

स्टेशन सोडल्यावर गाडी बाजाराच्या कडेने जाते, दुकानं हाताच्या अंतरावर. इथे २४-३५ मिमी. अडचण एकच, गाडी यायच्या पाच मिनिटं आधी रुळावर हमखास जीप उभी असते आणि ती शिट्टी वाजल्यावरच हलते. त्या जीपला धरूनच फोटोची रचना करा, तिच्या हटण्याची वाट बघत बसू नका.

पुढे हिल कार्ट रोडवर (रुळांच्या सोबतीने जाणारा रस्ता) जिथे रूळ रस्ता ओलांडतात तिथे बाहेरच्या वळणाच्या वर, चार-सहा फूट उंचीवर जागा मिळते का बघा. पायऱ्या, कठडा, काहीही. रस्त्याच्या पातळीवरून टॅक्सींची टपं येतात.

बतासियाविषयी पस्तीस मिमी सांगतील, माझं तिथे फारसं प्रेम नाही.

पस्तीस मिमी

बतासिया टाळू नका, नुसतं लोकांसारखं वापरू नका, एवढंच. हे गोल वळण १९१९ चं, गाडी तिथे स्वतःच्याच रुळावरून वर चढते. मधोमध गोरखा सैनिकांचं स्मारक. बागेत शिरायला तिकीट आहे. गाडी दहा मिनिटं थांबते आणि सगळे त्या दहा मिनिटांत इंजिनासमोर उभे राहून फोटो काढतात. खरा फोटो त्यानंतरचा. वळणावर, चढावर, उभ्या गाडीला हलवायचं म्हणजे इंजिनाला अख्ख्या फेरीतलं सगळ्यात जास्त जोर लावायचं काम. सुटण्याआधी बरेचदा सेफ्टी व्हॉल्व्ह फुटल्यासारखा आवाज करून उडतो. दाब पूर्ण आला, याची ती खूण. तेव्हा बोट शटरवर हवं.

सुटताना दट्ट्यांच्या सिलिंडरचे खालचे नळ उघडे ठेवतात, कारण उभं असताना आत वाफेचं पाणी साचतं आणि पाणी दाबलं जात नाही, झाकण फुटू शकतं. त्या नळांतून वाफ आडवी, जमिनीलगत बाहेर येते. थंडीत तिचा ढग इतका होतो की बाजूला उभ्या माणसाला इंजिन दिसतच नाही. म्हणून सुटायच्या वेळी बाजूला नको, गाडीच्या पुढे २५-३० मीटरवर, वळणाच्या आतल्या अंगाला. वारा कुठून आहे ते झेंड्यावरून किंवा आधीच्या लोटावरून पाहा आणि वारा पाठीवर घेऊन उभे राहा. नाही तर लोट तुमच्याकडेच येईल आणि डबे गायब होतील.

बर्फाची शिखरं उत्तर-वायव्येला. सकाळी सूर्य आग्नेयेकडून, म्हणजे शिखरं आणि इंजिन दोन्ही समोरून उजळलेली. नऊ-दहानंतर ढग येतात, मग ७०-२०० चा उपयोग इंजिन आणि डबे दाबून घ्यायला.

गाडीत बसलेल्यांना हा सुटण्याचा फोटो मिळत नाही, कारण ते आत असतात. म्हणून घाटवळण यांचा एक दिवस आत, तीन दिवस बाहेर हा बेत बरोबर आहे.

घाटवळण

आणि कॅमेऱ्याचे आकडे? गाड्यांचे फोटो १/१००० ला काढावेत असं वाचलंय.

पस्तीस मिमी

ते एक्सप्रेससाठी. इथे हिशेब वेगळा.

वेग १० किमी धरला तर सेकंदाला २.८ मीटर. चाकाचा घेर २.०७ मीटर, म्हणजे सेकंदाला साधारण सव्वा ते दीड फेरे. एका फेऱ्यात धुरांड्यातून वाफेचे चार फुसकारे. सेकंदाला पाच फुसकारे झाले. कानाने मोजता येतात, त्यावरून वेगही कळतो. सेकंदाला दहा फ्रेम घेणारा कॅमेरा असेल तर एका फुसकाऱ्याला दोनच फ्रेम मिळतात. लोटाचा आकार प्रत्येक फ्रेमला वेगळा, म्हणून एकच फोटो काढून थांबू नका, दोन-तीन सेकंद सलग फोटोंचा झोत घ्या.

सगळं स्थिर हवं तर १/५०० पुरतं. उन्हात आयएसओ २००, एफ ८, १/८०० पासून सुरुवात करा. मग हायलाइट (फोटोतले सगळ्यात उजळ भाग) बघा. निळं किंवा काळं इंजिन मोठं असेल तर मीटर ते उजळ करायला जातो आणि वाफ पांढरीफट्ट जळते. लोटात पोतच राहत नाही. एक्स्पोजर दोन-तृतीयांश ते एक स्टॉप खाली ओढा, रॉ मध्ये काढा, सावल्या नंतर उचलता येतात. जळालेली वाफ परत येत नाही. धुक्यात उलट, तिथे सगळंच करडं असतं, एक-तृतीयांश ते दोन-तृतीयांश वर चढवा.

पॅनिंगला (कॅमेरा गाडीबरोबर फिरवत काढताना) १/१२५ लावलात तर इंजिन उभं असल्यासारखंच दिसेल, तेवढ्या वेळात गाडी दोन सेंटीमीटर सरकते. १/३० ला नऊ सेंटीमीटर, १/१५ ला एकोणीस. मी १/१५ ते १/२० सुचवेन. पाय आधीच शेवटच्या चौकटीच्या दिशेला रोवा, कंबर मागे वळवा आणि गाडीबरोबर सरळ व्हा. उलटं केलं तर शेवटी तोल जातो. बरेचसे फोटो वाया जाणार हे धरूनच चला.

फोकस: वाफ मध्ये आली की ऑटोफोकस भरकटतो. जिथे इंजिन हवं तिथल्या एखाद्या स्लीपरवर किंवा रुळाच्या सांध्यावर आधी फोकस करून मॅन्युअलवर टाका. चालता (कंटिन्युअस) फोकसच वापरायचा असेल तर बिंदू दिव्यावर किंवा नंबराच्या पट्टीवर ठेवा, धुरांड्यावर नको.

बंकर

एक भर. बाजूने काढताना चाकं जोडणारा दांडा खालच्या स्थितीत असला की चाकांचे आरे मोकळे दिसतात. दांडा वर असेल तर यंत्रणा चेपल्यासारखी वाटते. चालत्या गाडीत पाऊण सेकंदाला एकदा ती स्थिती येते, झोतातून निवडता येईल. घूमला इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला जातं तेव्हा ते माणसाच्या चालीने चालतं. बाकीचे प्रवासी संग्रहालयात गेलेले असतात, समोर गर्दी नसते. निवांत बारकावे टिपायला घूमच.

निळी शाई

मोबाईलवाल्यांनी काय करायचं?

पस्तीस मिमी

इंजिनावर बोट दाबून फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, मग उजेड थोडा खाली ओढा. पोर्ट्रेट आणि नाईट मोड बंद, ते लोटाच्या कडा कात्रीने कापल्यासारख्या करतात. डिजिटल झूम नको, पुढे चालत जा (रुळाकडे नव्हे). व्हिडिओ आडवा धरा आणि गाडी चौकटीतून जाऊ द्या, मोबाईल तिच्या मागे फिरवू नका. शेवटचा डबा गेल्यावर आणखी दहा सेकंद चालू ठेवा, पुढच्या वळणावरचा आवाज तिथे येतो.

आवाज हे वाफेच्या व्हिडिओचं अर्धं काम. शिट्टी जवळून इतकी तीव्र असते की माईक फाटतो. वेगळा रेकॉर्डर असेल तर पातळी अशी ठेवा की फुसकारे उणे २० डेसिबलच्या आसपास राहतील. मोबाईलच असेल तर फाटकापासून लांब उभं राहा, शिट्टी तिथेच वाजते.

कर्जत लोकल

ड्रोन?

सांधेवाला

नको. सीमेजवळचा, लष्करी हालचालींचा भाग आहे आणि परवानगीशिवाय रेल्वेच्या हद्दीवर उडवणं म्हणजे कॅमेऱ्यासकट चौकीत बसणं. रुळावर उतरण्याबद्दलही तेच. रस्ता आणि रूळ इथे एकाच पातळीवर असल्याने हद्द कुठे संपते ते कळत नाही, पण रेल्वे कायदा १९८९ चं कलम १४७ इथेही लागू आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. धंद्यासाठी चित्रीकरण असेल तर रीतसर परवानगी घ्यावी लागते.

निळी शाई

निलगिरीलाही हेच नियम लागतात का? उटीचा बेत फेब्रुवारीत आहे.

सांधेवाला

चढाचा नियम तोच, पण इंजिनाची जागा उलटी. मेट्टुपालयम ते उदगमंडलम (उटी) ४६ किमी, त्यात कल्लार ते कुन्नूर दातेरी पट्टीचा भाग (रुळांमधल्या पट्टीत इंजिनाचं दातेरी चाक अडकतं), चढ १२ ला १ पर्यंत. तिथे इंजिन नेहमी उताराच्या टोकाला असतं, म्हणजे वर जाताना ते मागून ढकलतं. वळणावर उभे राहिलात तर आधी डबे येतात, पुढच्या डब्याच्या सज्जावर झेंडीवाला, आणि इंजिन शेवटी. चढणारी गाडी काढताना ती पुढे गेल्यावर मागे वळून काढायची तयारी ठेवा. कुन्नूरच्या वर दातेरी पट्टी नाही, नेहमीच्या गाडीला पुढे डिझेल लागतं, त्यामुळे वाफ हवी असेल तर कुन्नूरच्या खालीच. हिलग्रोव्हला पाण्यासाठी थांबते, तिथे वेळ मिळतो.

त्या इंजिनांना चार सिलिंडर आहेत, दोन नेहमीच्या चाकांना, दोन दातेरी चाकांना. दातेरी भागात चारही चालू झाले की फुसकाऱ्यांचा ठेका बदलतो. व्हिडिओत हा बदल टिपायचा तर कल्लार सोडल्यावर लगेच.

घाटवळण

शेवटचा प्रश्न. कोळशाची राख लेन्सवर बसली तर? आणि थंडीतून खोलीत आल्यावर लेन्स धुरकट होते, त्याचं काय?

बंकर

राखेचे कण टोकदार असतात. कापडाने पुसलं तर चरे पडतात. आधी रबरी ब्लोअरने उडवा, मग मऊ ब्रश, मगच कापड. पुढे साधा यूव्ही फिल्टर लावून ठेवा, चरा पडला तर त्याला पडू दे. लेन्स बदलायची असेल तर गाडी येऊन गेल्यावर दहा मिनिटांनी, वाऱ्याकडे पाठ करून आणि कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून. डोळ्यात कण गेला तर चोळायचा नाही, पाण्याने धुवायचा. साधा पांढरा चष्मा असला तर तो प्रश्नच येत नाही.

खोलीत शिरण्याआधी बाहेरच कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा आणि खोलीत तासभर तसाच राहू द्या. दव पिशवीवर धरेल, काचेवर नाही. मेमरी कार्ड मात्र बाहेरच काढून घ्या, नाही तर फोटो बघायच्या घाईत पिशवी हमखास उघडली जाते.

घाटवळण

वाखुसा (वाचनखूण साठवली). सोमवारी शेडापासून सुरुवात, धुरांडं कुठल्या दिशेला निघालं ते इथेच टाकतो.